कडब्याची खोली आणि चावरी मिलो

फारूखचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते, आणि रामकिसननं अजून त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

निळं आंतरदेशीय पत्र होतं. त्याची घडी करून रामकिसननं ते कंपासपेटीत, कर्कटकाखाली ठेवलं होतं. पेटी उघडली की निळी कड दिसायची, आणि तो लगेच पेटी मिटायचा. सुट्टीत भूमिती नसते, म्हणून बरं होतं.

रामकिसनचा दोस्त फारूख हैदराबादेला मामूच्या रेडिओच्या दुकानात काम शिकायला गेला होता. त्यानं पत्रात फार काही विचारलं नव्हतं. शेवटच्या ओळी रामकिसनला पाठ झाल्या होत्या. 'खोली मिळाली हे वाचून लई खूश झालो. मी मोडक्या सेटमधले ट्रान्झिस्टर, कंडेन्सर आणि एक स्पीकर तुमच्यासाठी काढून ठेवलाय. पण आधी एक सांग. अर्थिंग केलंस का? खड्डा, कोळसा, मीठ आणि रोज पाणी. अर्थिंग नसेल तर टेबलावर लाईट आणू नको. खरं उत्तर लिही, मग मी पार्सल टाकतो.'

खरं उत्तर. सगळं तिथंच अडलं होतं.

ते साल एकोणीसशे त्र्याहत्तर. आदल्या वर्षी पाऊस फिरकलाच नव्हता. मुकुंदवाडी तेव्हा औरंगाबादच्या पूर्वेचं एक खेडं होतं. आज तिथं सायकल उभी करायला जागा सापडत नाही, पण तेव्हा जालना रोडनं सायकल मारत शाळेत जाताना दोन्ही अंगांना नुसती रानं लागायची. त्या उन्हाळ्यात ती रानं भेगाळून पडली होती. विहीर आटली होती. एक दिवसाआड टँकर यायचा आणि घरटी सहा घागरी पाणी मिळायचं. रामकिसनचे वडील, बन्सीदादा, करमाडकडं पाझर तलावाच्या कामावर होते. ते शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. बैल गुरांच्या छावणीत होते. औरंगाबादेत छावणी म्हटलं की मिलिटरीची, त्यामुळं शेजारचा सांडू पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होता, "रामकिसनचे बैल फौजेत भरती झाले."

रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची. तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना घशात अडकायची.

पण त्याच दुष्काळानं मुलांना एक मोठी गोष्ट दिली होती. कडब्याची खोली.

दर वर्षी त्या खोलीत छतापर्यंत कडबा रचलेला असायचा. यंदा कडबाच नव्हता. रामकिसननं चार दिवस धीर गोळा करून आईला विचारलं, तेव्हा आशाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "रिकामीच हाय. घ्या. पण पेटवून देऊ नका."

मग काय! सांडूनं जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून सायकलीवर बांधून सामान आणलं. मोडकी हेडफोनची जोडी, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, वस्तू आवळून धरायचा एक जड लोखंडी शिकंजा. अकरा वर्षांच्या सांडूला विजेतलं काही कळत नव्हतं, पण कोणती वस्तू कुठं धूळ खात पडली आहे हे त्याला बरोबर कळायचं. टेबल झालं निजामाच्या रेल्वेच्या एका भंगार डब्याच्या दाराचं. आजोबांनी कधीतरी ते गोठ्याला लावायला आणलं होतं. त्याच्यावर अजून रेल्वेची इंग्रजी अक्षरं होती. जोहरानं भिंतीला खिळे मारून पक्कड, कात्री, टेस्टर यांच्या जागा ठरवल्या आणि प्रत्येकाभोवती खडूनं त्याचा आकार काढला. जोहरा म्हणजे फारूखची धाकटी बहीण, सातवीतली. तिचे अब्बा, रहीमचाचा, रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याजवळ बसून बसून तिचा हात असा तयार झाला होता, की तिनं तारेला दिलेला डाख मोत्यासारखा गोल दिसायचा.

"पक्कड कात्रीच्या जागेवर कुणी लावली?" ती रोज विचारायची.

"पक्कडच गेली तिथं. मी नाय," सांडू रोज सांगायचा.

सगळं झालं, फक्त अर्थिंग राहिलं. यंत्राच्या लोखंडात चुकून वीज उतरली, तर तिला माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जाता यावं, म्हणून करून ठेवलेली वाट म्हणजे अर्थिंग. पण ती वाट जमीन ओली असली तरच चालते. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचं आणि रोज बादलीभर पाणी ओतायचं. आणि ज्या घरात सहा घागरींत दोन दिवस काढायचे, त्या घरात आईला जाऊन म्हणायचं की एक बादली दे, मला जमिनीत ओतायची आहे! रामकिसनला ते वाक्य मनातसुद्धा पुरं करता येत नव्हतं.

वाट काढली सांडूनं. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडं कडूबातात्यांची पिठाची गिरणी होती, आणि भिंतीला लागूनच गिरणीच्या अर्थिंगचा खड्डा. त्यातून एक लोखंडी नळी वर आलेली.

"तयार अर्थिंग हाय की," सांडू म्हणाला. "भिंतीच्या भोकातून तार काढ अन् बांध. कुणाला कळतंय?"

रामकिसननं तारेचं एक टोक टेबलावरच्या शिकंज्याला आणि दुसरं त्या नळीला बांधलं. त्या संध्याकाळी कडब्याच्या खोलीत पहिल्यांदा दिवा लागला, आणि त्यानं कोऱ्या पत्रावर लिहायला घेतलं, 'प्रिय फारूख, अर्थिंग केलं.' एवढं लिहून तो थांबला. ते खोटं नव्हतं. पण खरं होतं का? कागद तसाच वहीत राहिला.

आणि मंगळवारी, बहुतेक मंगळवारच असावा, टेबल चावलं.

"आई गं," म्हणत सांडूनं शिकंज्यावरचा हात मागं घेतला. "चावलं मला."

"विंचू?" जोहरानं पाय वर घेतले.

"विंचू नाय. शिकंजा चावला."

"शिकंज्याला दात असतात का रे?"

"तू लाव हात, मंग सांग."

जोहरानं तळहात नाही लावला. अब्बांनी शिकवल्याप्रमाणं भिंतीवरचा टेस्टर घेतला. आत बारीक दिवा असलेला तो पेचकस तिनं शिकंज्याला टेकवला आणि ओढणीनं सावली केली. दिव्यात लालसर ठिपका पेटला.

शिकंज्यात वीज होती.

रामकिसननं तिथल्या तिथं टेबलाचा प्लग काढला. ठिपका तसाच. मग त्यानं घरातून येणारी लाईनच बंद केली. खोलीतला दिवा विझला, पण टेस्टरमधला ठिपका जळतच राहिला.

"लाईट बंद, तरी करंट?" सांडूचा आवाज बारीक झाला. "हे भुताचं काम हाय. कडब्यातलं भूत. कडबा गेला, ते राहिलं."

"भूत असतं तर ते पण छावणीत गेलं असतं चाऱ्याला," जोहरा म्हणाली, पण तीही दारापाशी सरकली होती.

रामकिसनला बोलता फारसं यायचं नाही. टिपून ठेवता यायचं. त्यानं वही काढली. टेबलाला कुणीच हात लावायचा नाही, दर अर्ध्या तासानं जोहरानं फक्त टेस्टर टेकवायचा, आणि दिवा लागला की नाही हे त्यानं लिहायचं, असं ठरलं. बुधवारी दुपारपर्यंत वहीचं एक पान भरलं. सकाळी आठला नाही. साडेआठला नाही. नऊला आहे. बारापर्यंत आहे. साडेबाराला नाही. तीनला पुन्हा आहे.

सांडू पानाकडं बघत राहिला. "नऊ ते बारा. मंग तीनपासून. ही तर कडूबातात्याची गिरणी झाली की."

भिंतीपलीकडं गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. रामकिसननं बांधलेली तार गिरणीकडं गेली होती, आणि गिरणीच त्या तारेवरून त्यांच्या टेबलावर आली होती.

ते गिरणीत गेले, तेव्हा तिथं बायकांची रांग होती. दाराबाहेर चपलांचा ढीग. गिरणीत पीठ असतं, अन्न असतं, म्हणून तिथं कुणी चपला घालून जात नसे. आत पांढऱ्या धुरळ्यात कडूबातात्या उभे होते. कान पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशाही पांढऱ्या. पायात मात्र त्यांच्या जाडजूड टायरच्या चपला होत्या. दिवसभर फरशीवर उभं राहून टाचा दुखतात म्हणून त्या त्यांनी खास करून घेतल्या होत्या.

साळूआजींनी आपलं पायलीभर धान्य दाणे ओतायच्या पत्र्याच्या नरसाळ्यात रिकामं केलं, हात नरसाळ्याला लागला, आणि त्या झटकन मागं झाल्या. "चावली बया मिलो."

"मलाबी काल चावली," मागची एक बाई म्हणाली. "कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या."

"काहीतरी औषध घालून पाठवत्यात ते लोक जहाजात," साळूआजी म्हणाल्या. "म्हणून तर लाल हाय."

कडूबातात्यांनी मिशीवरचं पीठ झटकलं. "मिलो गरम असती. आपल्या अंगाला सवय नाय. मला कुठं चावती? दिवसभर तर मी हात घालतोय." आणि त्यांनी सगळ्यांसमोर नरसाळ्यावर थाप मारून दाखवली.

जोहरानं रामकिसनच्या कानात विचारलं, "मिलो घरी का नाही चावत? अम्मी तर रोज पाखडते."

तेवढ्यात सांडूनं एक कमाल केली. एका बाईच्या टोपलीत थोडी बाजरी होती. "काकू, आधी तुमची बाजरी ओता की, मिलोत मिसळंल नायतर," असं म्हणून त्यानं तिला पुढं केलं. बाजरी पडली, बाईचा हात नरसाळ्याला लागला, आणि ती ओरडली, "आता बाजरीबी चावाया लागली का?"

"मिलोची संगत," कडूबातात्या म्हणाले.

गर्दीत जोहरानं हळूच टेस्टर नरसाळ्याला टेकवला. लाल ठिपका. अगदी तसाच.

गुरुवारी बारा वाजता गिरणी थांबल्यावर रामकिसननं भिंतीपलीकडं जाऊन आपली तार नळीवरून सोडली. तेव्हा त्यानं खड्ड्यात बोट घालून पाहिलं. माती राखेसारखी कोरडी होती. कोळसा हाताला लागला, तोही ठणठणीत. महिनोन्‌महिने तिथं पाण्याचा थेंब पडलेला नसणार. कोण टाकणार? कडूबातात्यांच्या घरीही सहाच घागरी यायच्या.

तीनला गिरणी सुरू झाली. टेबलावरच्या शिकंज्याला टेस्टर लावला. ठिपका नाही.

"सुटलो," सांडू खाली बसला. "आपलं टेबल चांगलं झालं. आता गपगुमान राहायचं. तार बांधली होती हे कुणाला माहीतबी नाय."

"पण गिरणी?" जोहरा म्हणाली.

"गिरणी तात्याची. चावू दे. एवढ्या दिवसांत कोण मेलंय?"

सांडूचं म्हणणं रामकिसनला मनापासून पटावंसं वाटत होतं. गप्प राहिलं तर खोली राहणार होती. सांगितलं तर दुसऱ्याच्या गिरणीला चोरून तार बांधल्याचं कबूल करावं लागणार होतं, आणि मग शनिवारी वडील आल्यावर खोलीला कुलूप लागणार, यात शंका नव्हती.

संध्याकाळी आशाबाई पाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्या दळण आणायला मी चारला जाईन. विहिरीचा रस्ता खणलाय, म्हणून टँकर उद्यापासून गिरणीपुढंच थांबणार हाय. एकाच खेपंत पाणी बी अन् पीठ बी."

रामकिसनच्या हातातली भाकरी तशीच राहिली. टँकर आला की पाण्याचा पाईप फुटका, घागरींना गळती, ढकलाढकली. पाच मिनिटांत गिरणीची फरशी चिंब होणार होती. आणि ओल्या अंगानं, ओल्या फरशीवर, अनवाणी उभ्या राहून बायका त्या नरसाळ्याला हात लावणार होत्या. कोरड्या पायांना झिणझिण्या येतात. ओल्या पायांना काय होतं, हे फारूखनं त्याला एकदा सांगितलं होतं. मामूच्या दुकानाशेजारचा एक माणूस तसाच गेला होता.

"माय, उद्या तू गिरणीत जाऊ नको."

"मंग काय वाळू खायची का?" आशाबाई हसल्या.

रहीमचाचांना सांगावं, तर ते बाजाराच्या दिवशी दुकान उचलून लासूर स्टेशनला जायचे. उद्या संध्याकाळच्या गाडीनंच परतणार होते. तोवर उशीर झाला असता.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता रामकिसन एकटाच कडूबातात्यांसमोर उभा राहिला. एकदा घसा साफ केला, दोनदा केला.

"काय रे, गिळलंस काय?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, तुमच्या गिरणीच्या लोखंडात करंट उतरलाय. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. टँकर येण्याआधी गिरणी बंद करा."

"तुला कसं कळलं माझा खड्डा कोरडा हाय ते?"

आता आलं. रामकिसननं खाली बघत सांगून टाकलं. "मी त्याला तार बांधली होती. आमच्या टेबलाची. काल सोडली."

कडूबातात्यांचा चेहरा पिठातूनही लाल झालेला दिसला. "म्हणजे तूच घातलास करंट माझ्या गिरणीत? अन् मी बिचाऱ्या मिलोला नावं ठेवतोय. येऊ दे बन्सीला उद्या. ती कडब्याची खोली राहती का बघ."

"तार सोडली तरी करंट हाय, तात्या. टेस्टर लावून दाखवतो."

"खेळण्यातल्या दिव्यावर मी गिरणी बंद करू? सारं गाव आज दळायला येणार. निघ. पुन्हा उंबऱ्यात दिसू नको."

रामकिसन बाहेर आला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला धुरळ्याचं निमित्त बरं होतं. खोली गेली होती, आणि गिरणी चालूच होती.

बाहेर जोहरा आणि सांडू वाट बघत होते. जोहरानं सगळं ऐकलं होतं. तिची नजर दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगावर खिळली होती.

"रामकिसन, तात्यांना का नाही चावत, बोल?"

रामकिसननं ढिगाकडं पाहिलं. मग दारातून आत पाहिलं. "टायर," तो म्हणाला. "रबर. त्यांच्या पायातून करंट जमिनीत जातच नाही."

"व्हय, पण चपला काढणार कोण त्यांच्या?" सांडू म्हणाला. "मी पळवू का?"

"पायातल्या कशा पळवशील? त्यांनीच काढल्या पाहिजेत," जोहरा म्हणाली. "आणि मला माहिती आहे त्या कुणाचं ऐकून काढतील."

रांगेत सर्वांत पुढं साळूआजी बसल्या होत्या. जोहरा त्यांच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "साळूआजी, गिरणीत चपला चालतात का हो?"

"नाय बाई. अन्नाची जागा. आपण काढून येतो की."

"मग तात्या कसे घालतात?"

साळूआजींनी मान वळवली. कितीतरी वर्षं त्या गिरणीत येत होत्या, पण तात्यांच्या पायांकडं त्यांनी कधी पाहिलंच नसावं. त्या उठल्या. "कडूबा."

"काय, आजी?"

"पायात काय हाय तुझ्या?"

पट्ट्याच्या आवाजातही सगळ्या बायका वळून बघू लागल्या. कडूबातात्यांनी एक पाय दुसऱ्यामागं घेतला. "फरशी टोचती, आजी."

"आमाला नाय टोचत? सारं गाव अनवाणी येतं अन् तू दाण्यांत टायर घालून हिंडतोस. म्हणूनच मिलो चावती आमाला. काढ आधी."

"काढ की रं," मागून कुणीतरी म्हणालं. "मिलो गरम पडती तर तुझ्याच पापानं."

तात्यांना हसावं की रागवावं कळेना. "घ्या, काढल्या. आता नाय चावायची मिलो. झालं समाधान?"

त्यांनी चपला काढल्या, तेव्हा सांडू पुढं सरसावला आणि त्यांच्या पायाशी एक कोरडं गोणपाट टाकलं. "फरशी टोचती ना, तात्या. याच्यावर उभं राहा." ते रामकिसननं सांगितलं होतं. गोणपाट कोरडं होतं, म्हणजे झिणझिणी यावी, झटका नाही. तरीही दारालगतच्या मेन स्विचपाशी तो असा उभा होता, की एका उडीत दांडा ओढता यावा.

"अन् आता बघा," तात्यांनी नेहमीसारखा ऐटीत हात उचलला आणि नरसाळ्यावर थाप मारली.

हात तिथून असा उडाला, की भिंतीवरची टोपली खाली आली. तात्या एक पाऊल मागं गेले. आपल्या हाताकडं बघितलं, मग नरसाळ्याकडं, मग दाराकडं. रामकिसन तिथं, स्विचपाशी, पांढराफटक उभा होता.

"ओढ," कडूबातात्या म्हणाले. "ओढ दांडा."

रामकिसननं दांडा ओढला. पट्टा फटफटत मंद झाला आणि थांबला. त्या शांततेत जालना रोडवरून वळणाऱ्या टँकरचा घरघराट ऐकू आला. दहा मिनिटांत गिरणीपुढं घोटाभर चिखल झाला, पाणी उंबऱ्यावरून आत आलं, आणि भरलेली घागर कडेवर घेऊन आशाबाई नरसाळ्याला टेकून उभ्या राहिल्या. रामकिसन त्यांच्याकडं बघत होता. तो तिथंच चिखलात बसला.

दिवे लागायच्या सुमारास रहीमचाचा आले. चिमणी घेऊन ते मोटरीखाली आडवे झाले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "कडूबाभाई, इधर देखो." मोटरीकडं जाणारी तार पट्ट्याला घासून घासून सोलवटली होती, आणि उघडं तांबं मोटरीच्या अंगाला टेकलं होतं. "ये दो-चार दिन का काम नहीं. चार-पाच महिने झाले असतील. अन् अर्थिंग सूखा पड्या. करंट जाएगा कहाँ?"

"म्हणजे या पोरानं..." तात्या अडखळले.

"पोराच्या तारेनं करंट आला नाही. उलटा गेला, त्यांच्या टेबलावर. म्हणून तर कळलं." रहीमचाचा बाहेर आले आणि रामकिसनसमोर उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला. "लेकिन बेटा, दुसऱ्याच्या अर्थिंगला न बघता तार बांधायची नाही. तू, जोहरा, सांडू, तिघांपैकी एक जण आज इथं नसता. समझे?"

रामकिसननं मान हलवली. ती शाबासकी नव्हती, आणि ते बरोबरच होतं असं त्याला वाटलं.

नवी तार बसली, पण खड्ड्याचं काय? कोळसा होता, मीठ साळूआजींनी दिलं. पाणी मात्र कुणी कुठून द्यायचं? सगळ्या बायका आपापल्या घागरींकडं बघायला लागल्या. तेव्हा रामकिसन, आपण एवढ्या माणसांत बोलतोय हे लक्षात येण्याआधीच, म्हणाला, "प्यायचं पाणी कशाला? जमिनीला काय, खरकटं चालतं. भांडी घासलेलं, राखेचं पाणी. ते तर आपण फेकूनच देतो."

मग आशाबाई म्हणाल्या, "एवढं सोपं होतं, तर इतके दिवस घुम्यासारखा का बसला होतास रे?"

त्या उन्हाळ्यात गिरणीवर एक नवाच रिवाज पडला. बाया डोक्यावर दळण आणि हातात तांब्याभर राखेचं पाणी घेऊन यायच्या. आधी खड्ड्यात तांब्या रिकामा करायचा, मग रांगेत बसायचं. कडूबातात्या अनवाणी दळायचे.

शनिवारी बन्सीदादा घरी आले, तेव्हा तात्या त्यांच्या आधीच ओसरीवर येऊन बसले होते. रामकिसन दाराआड उभा होता. तात्यांनी सगळं सांगितलं. तारेचंही सांगितलं, चपलांचंही.

बन्सीदादांनी चूळ भरून तोंड पुसलं. "न विचारता तार बांधली?"

"बांधली," तात्या म्हणाले. "अन् कुणी न विचारता येऊन सांगितलीबी. मी हाकलून दिलं, तरी गेला नाय. बन्सी, आमच्या वयाच्या चार माणसांना जमलं नसतं ते. ती खोली ऱ्हाऊ दे पोरांकडं. पत्रे गळत असतील तर माझ्याकडचे घे."

बन्सीदादांनी दाराकडं न बघताच विचारलं, "कडबा आला, तर कुठं ठेवायचा?"

"दादा, मी..." रामकिसन बाहेर आला.

"तुला नाय विचारलं. तात्याला विचारतोय. तुझ्या वळचणीला जागा हाय का, कडूबा?"

रविवारी सकाळी तिघांनी कडब्याच्या खोलीमागं स्वतःचा खड्डा खणला. कमरेइतका खोल. तळाशी कोळसा, वर मीठ, पुन्हा कोळसा. साळूआजींनी पहिला तांब्या ओतला. जोहरानं तारेला डाख दिला आणि दोन पावलं मागं जाऊन तो कसा दिसतो ते पाहिलं.

दुपारी रामकिसननं वहीतला जुना कागद काढला. 'प्रिय फारूख, अर्थिंग केलं,' एवढंच त्यावर होतं. तो त्यानं बाजूला ठेवला आणि नवं पत्र घेतलं.

'प्रिय फारूख,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहिता येत नव्हतं. अर्थिंग केलं नव्हतं. पाणी नव्हतं आणि मागायची लाज वाटली. म्हणून मी कडूबातात्यांच्या खड्ड्याला तार बांधली आणि तो खड्डा कोरडा होता. सांडूला करंट बसला. जोहरालाही बसला असता. तिनं टेस्टर लावला म्हणून वाचलो. पुढचं सगळं ती तुला लिहील, तिला चांगलं लिहिता येतं. आज आम्ही आमचं अर्थिंग केलं. तीन फूट. रोज राखेचं पाणी घालू. तरी चाचांनी बघितल्याशिवाय टेबलावर लाईट आणणार नाही. पार्सल टाकायचं की नाही, ते तू ठरव. नाही टाकलंस तरी मी रागावणार नाही.

तुझा, रामकिसन'

त्यानं ते दोनदा वाचलं. 'लाज वाटली' हे शब्द खोडावेत असं वाटलं, पण खोडले नाहीत. कडा चिकटवल्या, आणि उन्हातच चालत जालना रोडवरच्या लाल पेटीपाशी गेला. पेटीच्या तोंडाशी पत्र धरून तो जरा वेळ थांबला. मग सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून त्यानं फटीतून बोटं घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.